बदाम सात : ऑनलाइन दुकानासाठी विशलिस्ट ॲप कसं निवडावं?

परीक्षा संपल्याच्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर चक्कर मारा. एका तरी खोलीत बदाम सात रंगलेला दिसेल. बदामाची सत्ती पडल्याशिवाय डाव सुरू होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सांगावं लागत नाही. या लेखातला बदाम मात्र पत्त्यांतला नाही. ऑनलाइन दुकानात वस्तूच्या फोटोवर कोपऱ्यात एक छोटा पोकळ बदाम असतो ना, तो हा. दाबला की लाल होतो आणि ती वस्तू आपल्या यादीत जाऊन बसते. घरून पैसे आले की घेऊ, म्हणून आपल्या प्रत्येकाच्या यादीत दोन-चार बूट आणि एखादा हेडफोन ताटकळत पडलेला असतोच. या यादीला म्हणतात विशलिस्ट.

गिऱ्हाईक म्हणून बदाम दाबायला अक्कल लागत नाही. पण तोच बदाम स्वतःच्या दुकानात बसवायचा झाला की बरंच काही बघावं लागतं. हे आम्हाला कसं कळलं, ते आधी सांगतो. कारण ते जरा महागात पडलं.

मामांची वही

माझ्या रूममेटच्या मामांचं कोल्हापुरात चपलांचं दुकान आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, हातानं कापून, हातानं शिवून केलेली चप्पल. असा माल आज सांगितला आणि उद्या आला, असं होत नाही. त्यामुळे गल्ल्याशेजारी एक लांबट वही कायम असते. एखाद्याला जोड आवडला पण त्याचा नंबर नसेल, तर मामा लिहून ठेवतात : "पुण्याचे मास्तर, कापशी, ९ नंबर, गणपतीच्या आत." शेजारी फोन नंबर. माल आला की मामा वही उघडतात आणि फोन लावतात. मामांच्या भाषेत सांगायचं तर, "निम्मी दिवाळी या वहीत हाय पोरांनो."

मागच्या वर्षी आम्ही मिनी-प्रोजेक्ट म्हणून मामांचं दुकान ऑनलाइन नेलं. फोटो काढले, दर टाकले, पैसे भरायची सोय झाली. राहिला होता बदाम. ॲपच्या यादीत 'विशलिस्ट' असं टाइप केलं तर ही भली मोठी रांग! आम्ही दहा मिनिटांत एक उचललं. कारणं तीन : फुकट होतं, चांदण्या भरपूर होत्या आणि त्यातला बदाम दाबल्यावर धडधडायचा. मामांनाही ती धडधड आवडली.

महिन्याभरानं मुंबईहून एका बाईंचा फोन आला. "मी तीन जोड यादीत ठेवले होते, आता यादी रिकामी दिसतेय." मग दुसरा फोन. मग तिसरा. आम्ही ठरवलं की हे ॲपच बदलायचं. इंजिनिअरच्या जोशात आधी जुनं काढून टाकलं आणि मग जुन्या याद्या नव्यात कशा आणायच्या ते शोधायला बसलो. तोपर्यंत उशीर झाला होता. उरलेल्या शे-सव्वाशे लोकांच्या याद्याही गेल्या. त्यातले कितीतरी दिवाळीचे होते. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझी वही आजपर्यंत कधी अशी कोरी झाली नव्हती रे."

त्यानंतर आम्ही दोघांनी जे आधी करायला हवं होतं ते केलं. म्हणजे माहिती वाचली! त्यातून निघालेले सात प्रश्न खाली दिले आहेत. पण त्याआधी थोडी थिअरी.

थोडी थिअरी

आवडीच्या वस्तूंची यादी दुकानात ठेवायची कल्पना इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ साली लग्नाच्या आहेरासाठी अशी नोंदवही सुरू केली होती. वधू-वरांनी आपल्या पसंतीच्या वस्तू लिहून ठेवायच्या आणि पाहुण्यांनी त्यातली एकेक घ्यायची. एकच वस्तू दोनदा आहेरात यायला नको, हा हेतू.

ऑनलाइन दुकानात गंमत अशी होते की, यादीची सोय नसेल तर लोक कार्टचाच यादीसारखा वापर करतात. बेमार्ड या संशोधन संस्थेने अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी सांगते की, भरलेल्या दर दहा कार्टपैकी सुमारे सात पैसे न भरताच सोडून दिल्या जातात. यातली सगळीच गिऱ्हाइकं गेलेली नसतात. काहीजण नुसते बघत असतात, काही महिनाअखेरीची वाट बघत असतात. दुकानदाराला मात्र दोन्ही सारखेच दिसतात. विशलिस्टचा पहिला फायदा हाच. "आत्ता घेतो" आणि "पुढे घेईन" हे दोन गठ्ठे वेगळे होतात.

ऑनलाइन दुकान मांडायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक शॉपिफायसारखा, म्हणजे सगळ्या सोयी असलेला भाड्याचा गाळा. महिन्याचं भाडं भरा, सर्व्हरची काळजी त्यांची. शॉपिफाय ही कॅनडातल्या ओटावाची कंपनी. तिथे विशलिस्ट मूळ दुकानात येत नाही, बाहेरच्या कंपनीचं ॲप बसवावं लागतं. दुसरा मार्ग वूकॉमर्सचा, म्हणजे स्वतःच्या जागेवर बांधलेलं दुकान. वर्डप्रेसवर चालणारं हे सॉफ्टवेअर २०११ साली आलं. होस्टिंग आपलं, डेटाबेस आपला आणि विशलिस्टसाठी प्लगइन. पहिल्यात गिऱ्हाइकांच्या याद्या बहुधा ॲपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात, दुसऱ्यात बहुधा आपल्याच डेटाबेसमध्ये. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डाव मांडू.

१) सत्ती : यादी साठते कुठे?

हा प्रश्न पडल्याशिवाय डाव सुरूच करू नका. बदाम दाबला की नोंद दोनपैकी एका ठिकाणी होते. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये, नाहीतर सर्व्हरवर. ब्राउझरमध्ये लिहिणं सोपं आणि फुकट, म्हणून बरीच साधी ॲप तेच करतात. पण तो कागद गिऱ्हाइकाच्या खिशात असतो, आपल्या वहीत नसतो.

ॲपलने मार्च २०२० मध्ये सफारी ब्राउझरमध्ये एक नियम आणला. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी तो होता. एखाद्या साइटशी गिऱ्हाइकाचा काहीच संबंध आला नाही आणि सफारी वापरात असलेले सात दिवस उलटले, की त्या साइटच्या स्क्रिप्टने ब्राउझरमध्ये लिहून ठेवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे आयफोनवर ठेवलेली यादी आठवड्याभरात कोरी! आमच्या मुंबईच्या बाई आयफोनवाल्या होत्या, हे सांगायला नकोच. दुसरी भानगड इन्स्टाग्रामची. तिथल्या लिंकवरून दुकान उघडलं तर ते इन्स्टाग्रामच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे दाबलेला बदाम नंतर क्रोममध्ये दिसत नाही, कारण दोघांची साठवण वेगळी.

म्हणून विचारायचं असं : यादी सर्व्हरवर जाते का? लॉगिन न करता बदाम दाबता येतो का? (दाबता आलाच पाहिजे. आधी नाव-गाव विचारलं तर अर्धे लोक पळतात.) आणि पुढे त्याच माणसाने लॉगिन केलं तर आधीची यादी त्याच्या खात्याच्या यादीत मिसळते का? काही ॲप मिसळत नाहीत, सरळ जुनी यादी टाकून देतात.

२) नंबर लक्षात राहतो का?

मामा वहीत नुसतं "कापशी" लिहीत नाहीत, "कापशी, ९ नंबर" लिहितात. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूला एक ओळख असते आणि तिच्या प्रत्येक साइझ-रंगाला वेगळी. ॲपने फक्त वस्तूची ओळख ठेवली तर पंचाईत होते. ७ नंबर आला की ९ नंबरवाल्याला "माल आला" असा निरोप जातो. तो उत्साहाने येतो, नंबर नाही बघून चिडतो आणि पुढच्या वेळी आपला निरोप उघडतही नाही. चपला, कपडे, अंगठ्या विकणाऱ्यांनी हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुस्तकं किंवा लोणची विकणाऱ्यांना याचं फार सोयरसुतक नाही.

३) बदाम दाबल्यावर पुढे काय होतं?

वहीत लिहून फोनच केला नाही तर वही कशाला ठेवायची? चांगलं ॲप तीन प्रसंगी गिऱ्हाइकाला निरोप देतं : संपलेला माल परत आला तेव्हा, दर उतरला तेव्हा आणि माल संपत आला तेव्हा. निरोप ईमेलने जातो की एसएमएसने, मराठीत लिहिता येतो का, तो किती वेळा जाईल यावर आपला ताबा आहे का, हे बघा. रोज निरोप पाठवणारा दुकानदार आणि रोज मेसचं बिल मागणारा सेक्रेटरी, दोघांनाही लोक सारखंच टाळतात.

इथे स्वतःच्या मालाचा विचार करावा लागतो. येवल्याची हातमागाची पैठणी विकणाऱ्याकडे त्या नक्षीचा, त्या रंगाचा एकच नग असतो. "परत आली" हा निरोप त्याच्या काहीच कामाचा नाही. त्याला "अशीच दुसरी आली" असं सांगता यायला हवं. शिवाय कोणत्या मालावर किती बदाम पडले, हा तक्ता दुकानदाराला दिसला पाहिजे. कारागिराला पुढचे जोड कोणत्या नंबरचे करायला सांगायचे, हे त्यावरून ठरतं. आमच्या मते धडधडणाऱ्या बदामापेक्षा हा साधा तक्ता दहापट मोलाचा आहे.

४) दुकान किती जड होतं?

प्रत्येक ॲप आपली स्क्रिप्ट दुकानाच्या पानावर आणतं. कॉलेजच्या वायफायवर काही जाणवत नाही, पण गावाकडच्या नेटवर पान गोगलगाय होतं. गुगलने पानाच्या तब्येतीसाठी तीन मापं ठरवली आहेत. पानावरची मुख्य गोष्ट २.५ सेकंदांच्या आत दिसावी, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद यावा आणि मजकूर इकडेतिकडे उड्या मारण्याचं माप ०.१ च्या खाली असावं. बदाम उशिरा उगवला आणि त्याने "विकत घ्या" हे बटण खाली ढकललं, तर हे तिसरं माप बिघडतं. ॲप बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा पेजस्पीड इनसाइट्सवर पान तपासा. फुकट आहे.

दुसरी गोष्ट उष्ट्या भांड्यांची. पूर्वी शॉपिफायची ॲप दुकानाच्या थीमच्या फाइलींमध्येच आपला कोड घुसवत. ॲप काढलं तरी तो कोड तसाच मागे राहायचा. २०२१ पासून तिथे नवी पद्धत आली. ॲपचा तुकडा थीमला बाहेरून जोडला जातो आणि ॲप काढलं की तोही निघून जातो. आपण निवडलेलं ॲप कोणत्या पद्धतीचं आहे ते विचारून घ्या.

५) फुकट म्हणजे कुठपर्यंत फुकट?

बहुतेक ॲपचा फुकट पल्ला ठरलेला असतो. कुणी महिन्याला किती वेळा बदाम दाबला गेला ते मोजतं, कुणी किती निरोप गेले ते. दर बहुधा डॉलरमध्ये. तेव्हा आकडेमोड आधीच करावी. समजा, महिन्याला ४,००० लोक दुकानात येतात. शंभरातले पाच जण बदाम दाबतात, म्हणजे २०० जण. प्रत्येकी तीन, म्हणजे ६०० बदाम. फुकटची हद्द ५०० असेल तर पहिल्याच महिन्यात ओलांडली. दिवाळीत गर्दी दुप्पट झाली की १,२००.

आता उलटा हिशोब. ॲपचं भाडं महिना १,२०० रुपये आणि एका जोडामागे निव्वळ नफा २०० रुपये धरला, तर विशलिस्टमुळे महिन्याला सहा जोड जास्त विकले गेले तर कुठे भाडं फिटलं. नफा सातव्या जोडापासून. हे गणित जमत नसेल तर ॲप कितीही गोड असो, सोडून द्या. दुकानात मोजून वीस वस्तू असतील तर "व्हॉट्सॲपवर विचारा" एवढं एक बटण आणि मामांची वही पुरते.

६) चाव्या कुणाच्या हातात?

ॲप बसवताना परवानग्यांची यादी समोर येते. आपण सगळे ती न वाचता "मान्य" दाबतो. विशलिस्टला मालाची यादी लागते हे समजू शकतो. जुन्या ऑर्डरींची सगळी माहिती कशाला हवी? कारण पटलं नाही तर दुसरं ॲप बघा.

मे २०२५ मध्ये वर्डप्रेसच्या जगात याचं जळजळीत उदाहरण समोर आलं. टीआय वूकॉमर्स विशलिस्ट हे प्लगइन एक लाखाहून जास्त साइट्सवर होतं. त्यात अशी फट सापडली की, लॉगिनसुद्धा न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर हवी ती फाइल चढवू शकेल. धोक्याची तीव्रता दहापैकी दहा. सोबत आणखी एक ठरावीक प्लगइन चालू असेल तरच ती फट उघडी पडत होती आणि नंतर दुरुस्त आवृत्तीही आली. पण धडा राहतोच. बदामाएवढं बटण, पण त्यातून अख्खं दुकान उघडं पडू शकतं. म्हणून शेवटची आवृत्ती कधी आली आणि तक्रारींना उत्तरं मिळतात का, हे चांदण्यांच्या आधी बघा. एक चांदणीवाले अभिप्राय आवर्जून वाचा, खरी माहिती तिथेच असते.

गिऱ्हाइकाचा खासगीपणाही आपल्यावर सोपवलेला असतो. २००६ साली अमेरिकेतल्या एका संगणक सल्लागाराने ॲमेझॉनवरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या अडीच लाखांहून जास्त विशलिस्ट उतरवून घेतल्या. कोण कोणती पुस्तकं वाचू इच्छितो, यावरून त्याने माणसं नकाशावर शोधून दाखवली. हे किती सोपं आहे एवढंच त्याला दाखवायचं होतं. तेव्हा यादी आपोआप खासगी असावी आणि दुसऱ्याला दाखवायची की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवावं. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, हे त्याचं सूत्र. "निरोप बंद करा" हे बटण शोधायला भिंग लागू नये.

७) निघताना वही परत मिळते का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आठवतो, आणि आमचं नेमकं इथेच घोडं पेंड खाल्लं. सगळ्या याद्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येतात का? त्यात ईमेल, वस्तू, नंबर आणि तारीख येते का? नवीन ॲप ती फाइल वाचतं का? आणि ही सोय फुकटच्या पल्ल्यात आहे की महागड्या?

शॉपिफायच्या नियमांत एक बारीक अट आहे. दुकानदाराने ॲप काढल्यावर ४८ तासांनी त्या ॲपला "या दुकानाचा डेटा पुसून टाका" असा संदेश जातो. गिऱ्हाइकांच्या दृष्टीने अट योग्यच आहे. पण आधी काढून मग डेटा मागणाऱ्या शहाण्यांसाठी ती घातक आहे. क्रम पक्का लक्षात ठेवा : आधी उतरवा, मग उघडून तपासा, मग नव्यात भरा आणि सगळ्यात शेवटी जुनं काढा.

एका संध्याकाळचं प्रॅक्टिकल

हे सगळं तपासायला सेमिस्टर लागत नाही. दोन-तीन ॲप निवडा आणि खऱ्या दुकानात न घालता थीमच्या नकलेवर किंवा चाचणीच्या दुकानात बसवा. मजल्यावरच्या पाच जणांचे फोन गोळा करा, त्यात एक आयफोन आणि एक अगदी जुना अँड्रॉइड असू द्या. प्रत्येकाने लॉगिन न करता तीन बदाम दाबायचे, मग लॉगिन करायचं, मग दुसऱ्या फोनवरून यादी बघायची. एकाने इन्स्टाग्राममधून यायचं. एखाद्या चपलेचा ९ नंबर शून्य करून परत भरायचा आणि निरोप बरोबर माणसाला जातो का ते बघायचं. शेवटी सीएसव्ही उतरवून मोजायचं : पंधरा बदाम दाबले, पंधरा ओळी आल्या का? आयफोनवरची यादी मात्र दहा दिवसांनी पुन्हा उघडून बघायची. चहा-वडापावचा खर्च ज्याचं दुकान त्याचा.

"एवढं करण्यापेक्षा आपणच लिहू की!" असं आपल्यातल्या प्रत्येकाला वाटतं. आम्हालाही वाटलं. बदाम लाल करणारा कोड एका रात्रीत होतो. पण याद्या मिसळणं, निरोप पाठवणं, सुरक्षेच्या फटी बुजवणं आणि आपण पास होऊन गेल्यावर ते सांभाळणं, हे एका रात्रीचं काम नाही. शिकण्यासाठी जरूर लिहा. दुसऱ्याच्या पोटाचं दुकान त्यावर टांगण्याआधी मात्र दहादा विचार करा.

आता मामांच्या दुकानात दुसरं ॲप आहे. त्यातला बदाम धडधडत नाही. दर रविवारी आम्ही याद्या उतरवून मामांना पाठवतो. परवा सुट्टीत गेलो तर बघतो काय, मामा तो तक्ता समोर ठेवून आपल्या जुन्या वहीत हातानं उतरवून घेत होते! आम्ही म्हटलं, "मामा, आता कशाला?" चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमची वही तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी. दोन्ही जुळल्या म्हणजे झालं."

बॅकअपचा याहून सोपा धडा आम्हाला चार वर्षांत कुठल्या लेक्चरला मिळाला नव्हता. असो. तुमच्या घरच्या, नात्यातल्या दुकानात कुणी बदाम बसवत असेल तर हे सात प्रश्न त्याच्यापर्यंत नक्की पोचवा. आणि हो, आधी सत्ती!